पूल की दुभाष्या? संदेशसेवा जोडण्याचा प्रश्न



आजच्या विषयाचं नाव ऐकून काहींना वाटलं असेल की तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या माणसाने संगणकवाल्यांच्या शेतात कशाला पाऊल टाकावं? शंका रास्त आहे. मी प्रोग्रामर नाही. पण दोन वेगळ्या संदेशसेवा जोडायच्या, म्हणजे टेलिग्रामवर लिहिलेला निरोप व्हॉट्सॲपवर दिसावा, यासाठी जी व्यवस्था करतात तिला 'ब्रिज' म्हणतात. या ब्रिजविषयी जे वाद होतात ते मी वाचतो, तेव्हा त्यांत अर्थ, वक्ता, श्रोता, विश्वास, संमती हेच शब्द पुन्हा पुन्हा येतात. हे शब्द तर आमच्या शेतातले. तेव्हा बांधावर उभं राहून दोन गोष्टी बोलायला हरकत नसावी.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे वाट चुकणार नाही. ब्रिज शब्द पलीकडे नेतो, परंतु त्या शब्दांच्या पाठीशी मूळ सेवेने जी वचनं दिलेली असतात ती पलीकडे नेत नाही. ही वचनं पलीकडच्या तीरावर कोण पाळणार, हे ठरवलेलं नसेल तर ब्रिज तांत्रिकदृष्ट्या कितीही चांगला असो, तो टिकत नाही. आणि टिकला तर कोणाचं तरी नुकसान करतो.

आता, ब्रिज मुळात लागतो कशाला? दूरध्वनीला तो लागत नाही. माझ्याकडे एका कंपनीचं सिमकार्ड, तुमच्याकडे दुसऱ्या कंपनीचं, तरी आपण बोलतो. ईमेलचंही तसंच. १९८२ साली ईमेल पाठवण्याचा एक सामाईक नियम लिहिला गेला, आणि आजही एका कंपनीचा खातेदार दुसऱ्या कंपनीच्या खातेदाराला पत्र पाठवतो. तात्काळ संदेशांच्या बाबतीत मात्र इतिहास उलटा गेला. १९९९च्या जुलैमध्ये मायक्रोसॉफ्टने आपला एमएसएन मेसेंजर आणला, आणि तो अमेरिका ऑनलाइनच्या एआयएम या सेवेलाही जोडला. म्हणजे एमएसएनच्या खिडकीतून एआयएमवरच्या मित्राशी बोलता येई. अमेरिका ऑनलाइनने ही वाट बंद केली. मायक्रोसॉफ्टने दुसरी काढली. तीही बंद झाली. हा लपंडाव काही महिने चालला, आणि त्या वर्षाच्या नोव्हेंबरात मायक्रोसॉफ्टने नाद सोडला. पुढे २००१च्या जानेवारीत अमेरिका ऑनलाइन आणि टाइम वॉर्नर यांच्या विलीनीकरणाला मंजुरी देताना तिथल्या दळणवळण आयोगाने प्रगत संदेशसेवांच्या बाबतीत इतरांशी जोडणीची अट घातली होती. २००३ साली ती अट उठवली गेली. थोडक्यात, हा प्रश्न पाव शतक जुना आहे. व्हॉट्सॲपच्या आधीचा आहे.

याच १९९९ साली जेरेमी मिलर यांनी जॅबर नावाची खुली व्यवस्था सुरू केली. तिलाच पुढे एक्सएमपीपी म्हणू लागले. तिची कल्पना ईमेलसारखी होती: कोणीही सर्व्हर चालवावा, सर्व्हरांनी आपसांत बोलावं. आणि ज्या सेवा बोलायला तयार नव्हत्या त्यांच्यासाठी जॅबरने तेव्हाच मध्यस्थ बसवले होते. आजच्या ब्रिजचे ते पूर्वज. तीच परंपरा २०१४ सालापासून मॅट्रिक्स ही खुली व्यवस्था चालवते आहे. मॅट्रिक्सवाल्यांनी ब्रिज बांधणं हा आपल्या कामाचा एक मोठा भाग मानला, म्हणून आजच्या चर्चेत त्यांचं नाव वारंवार येईल.

ब्रिज काय करतो ते नीट बघू. समजा एका संस्थेचे अर्धे कार्यकर्ते टेलिग्रामवर आहेत, अर्धे व्हॉट्सॲपवर. दोन गटांच्या मध्ये कुठल्या तरी सर्व्हरवर एक प्रोग्राम चालू ठेवला. तो या गटातलं वाचतो आणि त्या गटात लिहितो. त्या गटातलं वाचतो, या गटात लिहितो. साध्या प्रकारात तो स्वतःच्या एकाच नावाने लिहितो. म्हणजे पलीकडच्यांना 'ब्रिज म्हणतो: सुनंदाताई म्हणतात: उद्या सभा आहे' असं काहीसं दिसतं. जरा प्रगत प्रकारात तो अलीकडच्या प्रत्येक माणसासाठी पलीकडे एकेक खोटं खातं उभं करतो, त्याला त्या माणसाचं नाव आणि फोटो लावतो. संगणकवाले या खात्यांना बाहुल्या म्हणतात, आणि शब्द अगदी चपखल आहे. कळसूत्री बाहुली बोलते तेव्हा बोलणारा पडद्यामागे असतो. तिसऱ्या प्रकारात तुम्ही तुमच्या खात्याच्या किल्ल्याच ब्रिजच्या हातात देता, आणि तो तुमच्या नावाने, तुम्ही होऊनच, बोलतो.

आता मला या 'पूल' शब्दाविषयी तक्रार आहे. पुलावरून बैलगाडी गेली तर पलीकडे तीच बैलगाडी निघते. तेच बैल, तीच कडब्याची पेंढी. पूल गाडीला हात लावत नाही. ब्रिजचं तसं नाही. ब्रिज अलीकडची गाडी मोडतो आणि पलीकडे मिळेल त्या लाकडातून नवी बांधतो. हे काम पुलाचं नाही, दुभाष्याचं आहे. आणि दुभाष्या म्हटला की आपल्याला लगेच वेगळे प्रश्न सुचतात: त्याला दोन्ही भाषा येतात का? त्याने काही गाळलं का? तो कोणाच्या बाजूचा? पुलाला आपण हे विचारत नाही. म्हणून उपमा चुकली की प्रश्नही चुकतात.

आमच्या न्यायशास्त्रात वाक्यापासून अर्थबोध व्हायला काय काय लागतं याची एक यादी आहे. आकांक्षा, योग्यता, सन्निधी, आणि अनेकांच्या मते तात्पर्य. आज ही यादी मला ब्रिजची परीक्षा घ्यायला फार उपयोगी वाटते. एकेक घेऊ.

आकांक्षा म्हणजे एका शब्दाला दुसऱ्याची असलेली अपेक्षा. 'हो, चालेल' हा निरोप एकटा काहीच सांगत नाही. कशाला चालेल? आजकाल आपण जुन्या निरोपावर बोट ठेवून उत्तर देतो, त्यामुळे ही अपेक्षा पुरी होते. पण पलीकडच्या सेवेत असं बोट ठेवायची सोयच नसेल तर? आयआरसी ही १९८८ साली फिनलंडच्या औलू विद्यापीठात जन्मलेली गप्पांची व्यवस्था आजही वापरात आहे. तिच्या मूळ नियमांत ही सोय नाही. मग ब्रिज काय करतो? मूळ निरोपाचा तुकडा उद्धृत करून चिकटवतो, किंवा सरळ सोडून देतो. चार माणसं चार गोष्टींवर बोलत असताना पलीकडे नुसतं 'हो, चालेल' उमटतं, आणि होकार भलत्याच प्रश्नाला जातो.

योग्यता म्हणजे अर्थांचा एकमेकांशी मेळ बसणं. इथे मी तो शब्द जरा ताणून वापरतो आहे, हे जाणकारांनी चालवून घ्यावं. एका सेवेत जे कृत्य शक्य आहे ते दुसरीत शक्यच नसतं. टेलिग्रामवर पाठवलेला निरोप ४८ तासांपर्यंत दुरुस्त करता येतो. व्हॉट्सॲपवर २०२३पासून ही सोय आहे, पण १५ मिनिटांपुरती. आयआरसीवर मुळीच नाही. तिथे एकदा गेलेली ओळ गेली. समजा एका आजारी माणसाच्या नातेवाइकांचा गट आहे. कोणी टेलिग्रामवर घाईत लिहिलं, 'डॉक्टरांनी गोळी बंद करायला सांगितली.' तासाभराने लक्षात आलं, आणि त्याने दुरुस्ती केली: 'बंद करू नका असं सांगितलं.' टेलिग्रामवर दुरुस्त झालं. ब्रिजपलीकडे व्हॉट्सॲपवर १५ मिनिटं उलटून गेलेली आहेत. तिथे आता जुनं वाक्य तसंच राहणार, किंवा ब्रिज शहाणा असेल तर दुरुस्त वाक्य नव्याने पाठवणार, आणि मग तिथे परस्परविरोधी दोन वाक्यं उभी राहणार. लिहिणाऱ्याला वाटतं आपण चूक पुसली. तो निश्चिंत होतो. धोका आहे तो त्या निश्चिंतीत.

सन्निधी म्हणजे शब्दांचं वेळेवर, लागोपाठ येणं. एकेक शब्द एकेका प्रहराने उच्चारला तर वाक्य होत नाही, हे आपले जुने पंडित सांगत आले. ब्रिज काही वेळ बंद पडतो, पुन्हा चालू होतो, आणि तुंबलेले निरोप एकदम सोडतो. किंवा उत्तर आधी आणि प्रश्न मागाहून पोचतो. याच सन्निधीत आपल्या मराठीचा एक खास त्रास आहे, तो सांगायलाच हवा. आयआरसीच्या नियमाप्रमाणे एक ओळ, तिचा पत्ता वगैरे धरून, ५१२ बाइटांची. इंग्रजी अक्षराला एक बाइट पुरतो. यूटीएफ-८ या प्रचलित पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, आणि चिन्ह म्हणजे अक्षर नव्हे, बरं का. 'स्त्री' हे तुमच्या माझ्या डोळ्यांना एक अक्षर. यंत्राच्या हिशेबी ते स, हलन्त, त, हलन्त, र आणि दीर्घ वेलांटी अशी सहा चिन्हं, म्हणजे १८ बाइट. तेव्हा ज्या ओळीत इंग्रजीत चारशेच्यावर अक्षरं मावतात, तिथे मराठीचं दीडशे चिन्हांतच आटोपतं. लांब निरोप ब्रिजला तोडावा लागतो. बाइट मोजून आंधळेपणाने तोडणारा ब्रिज 'स्त्री'च्या मधोमध सुरी चालवू शकतो. मग एका ओळीच्या शेवटी पाय मोडलेला त आणि पुढच्या ओळीच्या आरंभी एकटी 'री'. चिन्हाच्याच मध्ये तुटलं तर तेही नाही, नुसते चौकोन. हे इंग्रजीत लिहिणाऱ्या प्रोग्रामरच्या सहसा लक्षातही येत नाही, कारण त्याच्या भाषेत हे घडतच नाही. दुभाष्याला आपली लिपी येते का, हा प्रश्न असा अगदी शब्दशः खरा आहे.

उरलं तात्पर्य, म्हणजे बोलणाऱ्याचा हेतू. 'सैंधव आण' यात सैंधव म्हणजे मीठ की घोडा, हे जेवायला बसला आहे की प्रवासाला निघाला आहे यावरून ठरतं. संदर्भ हवा. संदेशसेवेत संदर्भाचा सगळ्यात मोठा भाग म्हणजे कोण ऐकतं आहे याची जाणीव. घरच्या ओसरीवर आपण जे बोलतो ते चावडीवर बोलत नाही. ब्रिज बसवला की ओसरीची भिंत काढली जाते, आणि पुष्कळदा बोलणाऱ्याला ती काढल्याचं माहीतच नसतं.

इथून आपण मुख्य मुद्द्याकडे येतो, वचनांकडे.

संदेशसेवा म्हणजे निरोप वाहणारी नळी एवढंच आपण समजतो. ती वचनांची जुडी आहे. व्हॉट्सॲप सांगतं की निरोप तुमच्या फोनवर कुलूपबंद होतो आणि समोरच्याच्या फोनवरच उघडतो; २०१६च्या एप्रिलपासून सर्व वापरकर्त्यांना हे आहे, आणि त्यामागची पद्धत सिग्नलवाल्यांची. टेलिग्राम साध्या गप्पांना हे वचन देत नाही, फक्त गुप्त गप्पांना देतो. 'सर्वांसाठी पुसा' हेही वचनच. गटातून काढलेल्या माणसाला पुढचं दिसणार नाही, हेही वचन. आता मध्ये ब्रिज आणा. अलीकडचं कुलूप उघडल्याशिवाय त्याला वाचता येत नाही, आणि वाचल्याशिवाय पलीकडच्या भाषेत लिहिता येत नाही. म्हणजे जिथे ब्रिजचा सर्व्हर आहे तिथे निरोप उघडा पडतो. ब्रिज स्वतःच्या फोनवर किंवा घरच्या यंत्रावर चालवला तर तो निदान आपल्याच छपराखाली उघडतो. दुसऱ्याच्या सर्व्हरवर चालवला तर त्या दुसऱ्याच्या समोर. यात कोणाची बदमाशी नाही. दुभाष्याच्या कामाचं स्वरूपच तसं आहे. पण ज्या सुनंदाताई व्हॉट्सॲपवर आहेत त्यांच्या पडद्यावर कुलपाचं चिन्ह तसंच दिसत राहतं. व्हॉट्सॲपच्या बाजूने ते खोटंही नाही, निरोप कुलूपबंदच गेला. फक्त किल्ली असलेला एक सदस्य हा माणूस नसून ब्रिज होता.

शब्दप्रमाण म्हणजे दुसऱ्याच्या सांगण्यावरून होणारं ज्ञान. न्यायसूत्रांनी त्याची कसोटी सांगणाऱ्याच्या आप्तपणात ठेवली. आणि वात्स्यायनांनी भाष्यात एक फार उदार गोष्ट सांगितली आहे: आप्त होण्यासाठी कोणत्या कुळाचा, कोणत्या देशाचा हे लागत नाही, ऋषी असो, आर्य असो, म्लेंच्छ असो, लक्षण एकच. विषयाचं ज्ञान, आणि जसं आहे तसं सांगण्याची इच्छा. मला वाटतं ब्रिजला हीच कसोटी लावावी. तो कोणत्या कंपनीचा, खुल्या परंपरेतला की बंद, हे दुय्यम. त्याला दोन्ही बाजू नीट माहीत आहेत का, आणि जे नेता आलं नाही ते 'नेता आलं नाही' असं तो सांगतो का? बहुतेक ब्रिज या दुसऱ्या कसोटीत नापास होतात. ते गप्प गाळतात.

हे सगळं पुस्तकी वाटू नये म्हणून एक घडलेलं प्रकरण घेऊ. लिबेरा चॅट हे आयआरसीचं एक मोठं जाळं. २०२१च्या मे महिन्यात फ्रीनोड या जुन्या जाळ्याच्या मालकीवरून वाद झाला, तिथले स्वयंसेवक बाहेर पडले आणि त्यांनी लिबेरा उभारलं. खुल्या सॉफ्टवेअरच्या असंख्य प्रकल्पांची बोलणी तिथे चालतात. मॅट्रिक्सने लिबेराला ब्रिज जोडला होता, आणि पुष्कळ लोक मॅट्रिक्सच्या खिडकीतून तिथे वावरत होते. बाहुल्यांची पद्धत: मॅट्रिक्सवरच्या प्रत्येकासाठी आयआरसीवर एक बाहुली.

अडचण कुठे आली? मॅट्रिक्सवरचा कोणीही आयआरसीवरच्या कोणत्याही दालनाचा पत्ता टाकून आत येऊ शकत असे. पत्ता टाकला की मॅट्रिक्सवर त्या दालनाची प्रतिकृती आपोआप तयार होई. दालन चालवणाऱ्यांना कोणी विचारत नसे. शिवाय दोन्हीकडच्या हजेरीपटांचा मेळ बसत नसे. आणि आयआरसीची रीत अशी की तुम्ही हजर असाल तेवढंच तुम्हाला ऐकू येतं. मॅट्रिक्सची रीत इतिहास साठवण्याची. एका बाजूला बोलणं हवेत विरतं असं धरून लोक बोलत होते, दुसऱ्या बाजूला ते नोंदवलं जात होतं. २०२३ साली लिबेराच्या लोकांनी आग्रह धरला की आपोआप उघडणारी दारं बंद करा. ज्या दालनाचे चालक स्वतः संमती देतील तेवढ्यांनाच ब्रिज जोडा. मुदती ठरल्या, पुढे ढकलल्या गेल्या. शेवटी ५ ऑगस्ट २०२३ रोजी ब्रिज तात्पुरता म्हणून बंद झाला, आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात तो कायमचाच गेल्याचं जाहीर झालं.

या प्रकरणात दोन्ही पक्ष खुल्या व्यवस्थांचे कैवारी होते. कोणी मक्तेदार नव्हता, कोणी खोडा घालत नव्हता, दोन्हीकडचे नियम सगळ्यांना वाचायला उपलब्ध होते. तरीही ब्रिज कोसळला. म्हणून 'कंपन्या दुष्ट आहेत, त्या आडव्या येतात, नाहीतर सगळं जोडलं गेलं असतं' हे जे आपल्याकडे सर्रास बोललं जातं, ते अपुरं आहे. इथे कोसळलं ते संमतीच्या आणि जबाबदारीच्या प्रश्नावर. दार कोणी उघडायचं, आणि आत आलेल्याचं उत्तर कोणी द्यायचं, हे सुरुवातीला ठरलं नव्हतं.

अर्थात कंपन्या आडव्या येतात हेही खरं आहे, ते नाकारून चालणार नाही. ५ डिसेंबर २०२३ रोजी बीपर मिनी नावाचं ॲप आलं. ॲपलची आयमेसेज ही सेवा त्याने अँड्रॉइड फोनवर चालवून दाखवली, तीही कुलूप न मोडता. मध्ये निरोप वाचणारा सर्व्हर नव्हता. म्हणजे मी आत्ता जी गुप्ततेची तक्रार केली तिला उत्तर देणारी ही रचना होती. तीन दिवसांत ॲपलने ती वाट बंद केली. बीपरने नव्या वाटा काढल्या, त्याही बंद झाल्या, आणि महिना संपताना त्यांनी ही झटापट सोडून दिली. १९९९ची पुनरावृत्तीच म्हणा. गूगलची कथा आणखी बोलकी आहे. २००५ साली आलेलं गूगल टॉक एक्सएमपीपीवर उभं होतं, आणि २००६पासून बाहेरच्या सर्व्हरांशी बोलत होतं. २०१३ साली गूगलने हँगआउट्स आणलं, त्यात हे बोलणं नव्हतं. दार उघडणारा मालक ते मिटूही शकतो. मालकाच्या मर्जीवरची जोडणी म्हणजे बिनभाडेकराराने राहणं.

मग मर्जीऐवजी कायदा? युरोपीय संघाने तो प्रयोग केला आहे. डिजिटल मार्केट्स ॲक्ट या कायद्याच्या सातव्या कलमात मोठ्या संदेशसेवांवर बंधन आहे की दुसऱ्या सेवेने मागणी केली तर जोडणी द्यायची. सप्टेंबर २०२३मध्ये व्हॉट्सॲप आणि मेसेंजर यांना हे बंधन लागू असल्याचं ठरलं. आयमेसेज त्यातून सुटलं. आधी दोघांमधले निरोप आणि फायली, मग दोन वर्षांत गट, चार वर्षांत कॉल, असे टप्पे. आणि कुलूपबंदीची पातळी खालावता कामा नये, अशी अट. नोव्हेंबर २०२५मध्ये व्हॉट्सॲपने बर्डीचॅट आणि हायकेट या दोन छोट्या सेवांशी युरोपात जोडणी सुरू होत असल्याचं सांगितलं.

या कायद्याची मला दोन कारणांनी कदर वाटते. एक, त्याने जोडणीला मर्जीतून काढून हक्कात आणलं. दुसरं, तो शब्दांबरोबर निदान एक वचन, गुप्ततेचं, पलीकडे न्यायला लावतो. पण त्याच्या उणिवाही दिसतात. जोडणीच्या अटी कोण लिहितं? ज्याच्यावर बंधन आहे तीच मोठी कंपनी प्रस्ताव मांडते. सिग्नल आणि थ्रीमा या गुप्ततेला जपणाऱ्या सेवांनी व्हॉट्सॲपला जोडून घ्यायला नकारच दिला. त्यांचं म्हणणं असं की निरोपातला मजकूर कुलूपबंद राहिला तरी कोण कोणाशी कधी बोललं ही माहिती समोरच्या कंपनीकडे जाईल, आणि ती न साठवणं हेच तर आमचं वचन. या नकाराला काही जण हेकटपणा म्हणतात. मला तो प्रामाणिक वाटतो. जे वचन पलीकडे पाळलं जाणार नाही, ते पाळलं जाईल असा भास त्यांनी निर्माण केला नाही.

आणि हा हक्क युरोपापुरता आहे. म्युनिकला नोकरी करणारा आपला मुलगा ही सोय चालू करू शकतो. सांगलीतले त्याचे आईवडील नाही. आपल्याकडे कोणी लगेच म्हणेल, 'अहो, यूपीआय बघा की! २०१६ साली सुरू झालं, कोणत्याही बँकेतून कोणत्याही बँकेत, कोणत्याही ॲपमधून. पैसे जातात तर निरोप का नाही?' उदाहरण चांगलं आहे, पण अर्धंच लागू पडतं. लागू पडणारा अर्धा भाग असा: यूपीआयमध्ये मधला कोणी चोरवाटेचा दुभाष्या नाही. सगळ्यांनी एकच नियमावली मान्य केलेली आहे, आणि व्यवहार अडकला तर तक्रार कुठे करायची हेही त्यातच ठरलेलं आहे. लागू न पडणारा भाग असा: शंभर रुपये कुठल्याही बँकेत शंभरच रुपये असतात. निरोपाचं तसं नाही. तो कोणाला उद्देशून, कोणासमोर, किती काळासाठी बोलला गेला, यावर तो काय आहे हे ठरतं. रुपयाला तात्पर्य नसतं.

तर मग सगळ्यांनी एकाच ॲपमध्ये राहावं का? मुळीच नाही. एकाच मालकाच्या वाड्यात सारं गाव राहायला गेलं तर वाद मिटतात, पण मालकाने नियम बदलले की बाहेर पडता येत नाही, कारण सगळी नाती आतच असतात. ज्याला ती सेवा पटत नाही त्याला 'मग नको राहूस' म्हणणं म्हणजे त्याला बोलण्यातूनच वाळीत टाकणं. जोडणीची मागणी या अन्यायाविरुद्ध आहे, आणि ती न्याय्य आहे. माझी टीका जोडणीवर नाही. पूल आहे असं सांगून दुभाष्या बसवण्यावर आहे.

म्हणून चार अपेक्षा मांडतो. पहिली, ब्रिज दिसला पाहिजे. गटातल्या प्रत्येकाला, नव्याने येणाऱ्यालाही, कळलं पाहिजे की इथलं बोलणं अमुक ठिकाणी जातं. दुसरी, संमती दोन्ही तीरांची हवी, एकट्या उत्साही तीराची पुरत नाही. लिबेराचा धडा हाच. तिसरी, कोणती वचनं पलीकडे जात नाहीत हे ब्रिजने आधी सांगावं: पुसलेलं पुसलं जाईल का, दुरुस्ती पोचेल का, कुलूप कुठे उघडतं, आणि एखादा निरोप पोचला नाही तर पाठवणाऱ्याला कळवावं. चौथी, ब्रिज चालवणारं एक नाव असावं. संस्था असो, व्यक्ती असो, पण ज्याला विचारता येईल असं कोणी. यांतली एकही अपेक्षा तंत्राच्या आवाक्याबाहेरची नाही.

आता एक प्रश्न चिठ्ठीवर आला आहे, तो घेतो. विचारलं आहे: 'आमच्या वाचनालयाच्या सभासदांचे दोन गट दोन ॲपवर आहेत. आम्ही ब्रिज बसवावा की नाही?' बसवा. पण आधी दोन्ही गटांत विचारा, आणि ज्यांची हरकत आहे त्यांच्यासाठी न जोडलेली एक जागा ठेवा. कार्यक्रमाच्या सूचना, पुस्तकांच्या याद्या, यांना ब्रिज उत्तम. कोणाचं आजारपण, कोणाची थकलेली वर्गणी, समितीतले मतभेद, हे ब्रिजवरून नेऊ नका. सूचनेत चूक झाली तर जुना निरोप दुरुस्त करत बसू नका, 'दुरुस्ती' असं लिहून नवा पाठवा. तो दोन्हीकडे पोचतो. आणि ब्रिज ज्याच्या यंत्रावर चालतो त्याचं नाव दोन्ही गटांच्या माहितीत लिहून ठेवा. तो गावाला गेला तर किल्ली कोणाकडे, हेही लिहा.